गाडी मी चालवत होतो

ते दोघं माझ्याकडे आले तेव्हा अपघाताला तीन दिवस झाले होते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वडील खुर्चीच्या अगदी कडेला बसले. आई भिंतीला टेकून उभीच राहिली, बसा म्हटलं तरी बसेना. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

घर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागेवर चालणारं. ऑक्टोबर छाटणी झालेली आणि रात्री अचानक पाऊस झाला. अशा सकाळी द्राक्षावरच्या डावणी रोगाची धास्ती काय असते, हे बागायतदाराला सांगायला नको. वडील पंपाच्या तयारीला लागले आणि बारावीतल्या मुलाला म्हणाले, गाडी घे आणि पटकन औषध घेऊन ये. मुलगा सतरा वर्षांचा. परत येताना वळणावर, सायकलवरून बागेच्या कामाला निघालेल्या मजुराला त्याची धडक बसली. सिव्हिलला पोचेपर्यंत तो माणूस गेला.

मोटारसायकल पोलीस ठाण्यात होती. मुलाला नातेवाइकांनी जागेवरून घरी आणलं होतं. जबाब अजून व्हायचे होते.

"मॅडम, गाडी मी चालवत होतो म्हणून सांगणार हाय," वडील म्हणाले. "काय व्हायचं ते माझं होऊ दे. पोराच्या जन्माचं वाटोळं नको. तुम्ही त्याला फक्त एवढं समजवा, की त्यानं तोंड उघडायचं नाही."

तो माणूस मनापासून बोलत होता. स्वतः तुरुंगात जायची त्याची तयारी होती. पण माझ्याकडून त्याला हवं होतं ते हे, की मुलाला खोटं पचवायची सवय मी लावावी. ते मी करणार नाही, असं मी सरळ सांगितलं. आधी वकील गाठा, म्हटलं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावरही करता येत नाही, संविधानाच्या कलम २० मध्ये तो हक्कच आहे. तेव्हा केव्हा, किती बोलायचं हे वकिलांना विचारून ठरवा. पण गप्प राहणं वेगळं आणि पोलिसांना खोटं सांगणं वेगळं. खोटं सांगणं हा आणखी एक गुन्हा होतो.

"शिक्षा झाली तर त्याचं संपलंच की हो," ते म्हणाले.

हा प्रश्न मला इतक्या आईवडिलांनी विचारलाय, की त्याचं उत्तर इथं नीट लिहिते. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथं एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी स्त्री असावी लागते. त्याला आरोपी म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे, पण मुलावर शिक्का बसू नये म्हणून तो आणलाय. बेदरकारपणे गाडी चालवून मृत्यू घडवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे मोठ्या माणसाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हा प्रश्न किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतच येतो, इथं तो येत नव्हता. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं, आणि फार तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात, म्हणजे अशा मुलांच्या सुधारगृहात, ठेवू शकतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं, की अशा प्रकरणामुळे मुलाला पुढं कुठंही अपात्र ठरवता येणार नाही. त्याचं नाव छापायलाही बंदी आहे.

वडील ऐकत होते, पण त्यांच्या डोळ्यांपुढं जेलची भिंतच होती. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "माझं माहेर आटपाडीचं. तिथं स्वतंत्रपूरला जन्मठेपेची माणसं बायकापोरांसंगं राहत्यात, शेती करत्यात. लहानपणापासून बघितलंय मी. आपलं पोरगं त्यांच्याहून वाईट हाय का?"

औंध संस्थानानं १९३९ साली वसवलेली ती खुली वसाहत आपल्याच जिल्ह्यात आहे. शिक्षा भोगणारा माणूस उंच भिंतींशिवाय, घरच्यांसोबत, कष्ट करून राहू शकतो, यावर तिथं विश्वास ठेवला गेला. त्या बाईनं एका वाक्यात नवऱ्याला जे समजावलं, ते मला अर्ध्या तासात जमलं नव्हतं.

पुढच्या भेटीत प्रकरणानं वेगळंच वळण घेतलं. वकिलांनी त्यांना २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९९अ दाखवलं होतं. अल्पवयीन मुलाकडून गाडीवर असा गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. सुटका हवी तर आपल्या नकळत गाडी नेली, किंवा ते टाळायची पुरेपूर काळजी आपण घेतली होती, हे पालकानं सिद्ध करावं. आता भावकीतले एकजण सल्ला देत होते, "सांगून टाक, पोरानं किल्ली चोरून नेली."

म्हणजे आठ दिवसांपूर्वी सगळा दोष बापाच्या पदरात, आता सगळा पोराच्या. खोटं दोन्हीकडं.

मी वडिलांना विचारलं, "किल्ली कुठं असते?"

"दाराजवळच्या खिळ्याला."

"त्या दिवशी कुणी काढून दिली?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच हातात दिली. जोरात जा, असंबी म्हणालो."

मुलगा चौथ्या भेटीत बोलला. तोवर जेवत नव्हता, झोपत नव्हता, विचारलं की मान हलवायचा. त्या दिवशी टेबलाकडं बघत म्हणाला, "पप्पा म्हणतात मी नव्हतोच तिथं. काका म्हणतात मी चोर आहे. गाडी मी चालवत होतो, मॅडम. त्यांची सायकल मला दिसली होती. मी ब्रेक उशिरा दाबला."

मी काही बोलले नाही. हे वाक्य बोलायची त्याला तीन आठवडे घरात कुणी जागाच दिली नव्हती. त्याला शिक्षेची भीती होतीच, पण आपण केलेली गोष्ट आपल्याच नावावर राहू देत नाहीत, यानं तो आतून जास्त खचत होता. ब्रेक उशिरा दाबला हा त्याचा वाटा. बिनलायसनच्या पोराच्या हातात किल्ली दिली हा बापाचा. एकाचा वाटा दुसऱ्यानं उचलला, तर ज्या बाईचा नवरा गेला तिला तो कसा गेला हेसुद्धा खरं कळणार नाही. तिचा तेवढा हक्क आहे, असं मला ठाम वाटतं.

गावात 'पैसे देऊन मिटवा' हेही चाललं होतं. हा गुन्हा आपसात मिटत नाही. भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात वेगळा चालतो, आणि लायसन नसलं की विमा कंपनी पैसे भरून ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. वडिलांनी बागेचा एक तुकडा विकायची तयारी ठेवली आहे.

शेवटी बाप-लेक दोघांनीही वकिलांसमोर खरं तेच सांगितलं. जबाबात वडिलांनी "किल्ली मी दिली" असं लिहून घ्यायला लावलं. भावकी आजही त्यांना येड्यात काढते. त्या मजुराच्या घरी ते माफी मागायला गेले होते. बाई दारात आल्या आणि "परत येऊ नका" म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, परत जाऊ नका. माफ करायचं की नाही हे त्या बाईंचं त्या ठरवतील, आपण त्यासाठी दार ठोठावत राहायचं नाही.

मंडळापुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी घरी येऊन चौकशी करून गेले. मुलगा आता एसटीनं कॉलेजला जातो, निम्मी भाकरी का होईना खातो.

परवा आईचा फोन आला. "तारखेला त्याच्यासंगं आत कोण जाऊ, मी का हे?"

"त्यालाच विचारा की."

फोन चालूच होता. तिनं तिथूनच हाक मारली. पलीकडून त्याचा आवाज मला ऐकू आला, "दोघंबी या. पण बोलणार मी."