बोटाच्या रक्तावरून डोपामिन कळेल का?

प्रश्न: बाबांना पार्किन्सन आहे, म्हणजे मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडतं. त्यांची शुगर आम्ही घरीच ग्लुकोमीटरवर बघतो, मग डोपामिनची तशी स्ट्रिप का नाही मिळत? आकडा बघून गोळीची वेळ ठरवता आली असती. एका जाहिरातीत घरगुती 'डोपामिन टेस्ट' दिसली, मागवू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: नका मागवू, पैसे पाण्यात जातील. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो आणि डोपामिन तो ओलांडत नाही, म्हणून तर बाबांना थेट डोपामिन न देता लेव्होडोपा देतात, ते आत जातं आणि तिथे त्याचं डोपामिन बनतं. त्यामुळे बोटातून काढलेल्या थेंबात मेंदूतला हिशोब सापडत नाही.

पण तुमचं डोकं बरोबर दिशेने चाललंय हं. डोपामिन विजेवर मोजता येतं, आणि ग्लुकोजच्या स्ट्रिपला लागतं तसं एन्झाइमही (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) लागत नाही. कार्बनला थोडं व्होल्टेज दिलं की डोपामिनचा रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, तो करंट मोजायचा. अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ राल्फ ॲडम्स यांच्या गटाने १९७३ मध्येच उंदराच्या मेंदूत असं मोजमाप करून दाखवलं. आता साधारण ७ मायक्रॉन जाडीचा, केसाहूनही बारीक कार्बनचा धागा वापरतात आणि सेकंदाला १० वेळा व्होल्टेज वर-खाली फिरवतात.

खरी गोची व्हिटॅमिन सीची. मेंदूत ते डोपामिनच्या हजारो पट असतं आणि जवळपास त्याच व्होल्टेजला करंट देतं, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर ढोलताशात कुणी हळूच हाक मारावी तसं. यावर तोडगा म्हणून धाग्यावर नॅफिऑन नावाच्या प्लास्टिकचा थर देतात, त्यावर ऋण भार असतो, त्यामुळे ऋण भाराचंच व्हिटॅमिन सी बाहेर ढकललं जातं आणि धन भाराचं डोपामिन आत येतं. एवढं करूनही हा धागा हळूहळू खराब होतो, कारण डोपामिनपासून बनलेला काळसर थर त्यावर चिकटतो. केळ्याचं साल काळं पडतं ना, त्यातही डोपामिनच असतं आणि रसायनशास्त्र बरंचसं हेच (म्हणून केळी खाऊन बाबांचं डोपामिन वाढेल असं मात्र समजू नका, अडसर आहेच!).

आणि हा धागा मेंदूत घालावा लागतो, माणसांत हे फक्त मेंदूच्या ऑपरेशनच्या वेळी संशोधनासाठी केलंय. घरी करण्यासारखं म्हणजे वही ठेवा: गोळी किती वाजता, थरथर किंवा कडकपणा कधी वाढला, जेवण कधी. डाळ-पनीरसारख्या प्रोटीनच्या जेवणाबरोबर लेव्होडोपा घेतलं तर काहींना असर कमी जाणवतो, तेही लिहा आणि वही न्यूरोलॉजिस्टना दाखवा, गोळीची वेळ मात्र स्वतःहून बदलू नका.