आर्मडिलोला मराठीत ‘खवले मांजर’ म्हटलेलं चालेल का?

नऊ पट्ट्यांच्या आर्मडिलोवर मराठीत लिहायचंय, तर त्याला खवले मांजर म्हणावं का आणि त्याच्या अंगावरच्या भागांना कोणते शब्द वापरावेत, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर, नाही. अजिबात नाही. या शब्दापायी माझ्या लेकीचा एक मार्क गेलाय, आणि तोही माझंच नाव छापलेल्या पुस्तकामुळे.

झालं असं की नाशिकमधल्याच एका प्रकाशकासाठी मी मुलांच्या प्राण्यांच्या पुस्तकाचा अनुवाद केला होता. मी सरळ ‘आर्मडिलो’ लिहिलं. प्रुफं हातात आली तर सगळीकडे ‘खवले मांजर’! स्कूटर काढली आणि भर दुपारी सातपूरला छापखान्यात जाऊन धडकले. संपादक म्हणाले, “मॅडम, आपल्या पोरांना आर्मडिलो काय कळणार? घरचा शब्द असताना परका कशाला?” मी म्हटलं, “सर, जिराफ कळतो, कांगारू कळतो, मग आर्मडिलोनंच काय घोडं मारलंय? आणि बटाटा तरी कुठला घरचा?” ते हसले, चहा मागवला आणि पुस्तक छापलं ते तसंच.

पुढे लेक पाचवीत असताना चाचणीत प्रश्न आला, खवले मांजर कोठे आढळते? पोरीनं लिहिलं, ‘अमेरिकेत. त्याला एका वेळी चार अगदी सारखी पिल्ले होतात.’ बाईंनी लाल शाईनं भोपळा दिला. “आई, तूच लिहिलंयस ना?” म्हणून पुस्तक माझ्यापुढे धरलं. काय सांगणार? आईच्या पोटात एकाच बीजांडापासून चार जुळी पिल्लं होतात ती नऊपट्टी आर्मडिलोला. आपल्या कोकणातलं खवले मांजर बहुतेक वेळा एकच पिल्लू घालतं आणि शेपटीवर बसवून हिंडवतं.

दोघं मुंग्या-वाळवी खातात आणि दोघांच्या अंगावर चिलखत असतं, म्हणून लोक फसतात. पण खवले मांजराचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, कौलांसारखे एकावर एक बसलेले, आणि तोंडात दात एकही नाही. आर्मडिलोचं कवच हाडाच्या चकत्यांचं, वरून तसल्याच द्रव्याचा पातळ थर. दातही आहेत, खुंट्यांसारखे. त्याचे भाऊबंद म्हणजे झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ आणि मुंगीखाऊ. खवले मांजराची सोयरीक त्यापेक्षा वाघ-कुत्र्यांशी जवळची.

आता शब्द. खांद्यावर एक ढाल, कमरेवर एक ढाल आणि मध्ये पट्टे. पट्टेच म्हणा, कारण या गणाचं शास्त्रीय नाव सिंग्युलाटा, आणि ते लॅटिनमधल्या कमरपट्ट्याच्या शब्दावरून आलंय. दोन पट्ट्यांमध्ये मऊ कातडीची घडी असते. भजनातल्या पेटीचा भाता आठवा, तसं ते अंग दुमडतं. खवला सुटा हलतो, इथे अख्खा पट्टा हलतो. हे मी संपादकांना टेबलावर कागद दुमडून दाखवलं होतं. त्यांनी त्याच कागदावर चहाचा कप ठेवला.

आर्मडिलो म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘छोटा चिलखतवाला’. त्याआधी मेक्सिकोतले नाहुआत्ल बोलणारे लोक त्याला चक्क ‘कासव-ससा’ म्हणत. आपण त्या दोघांची शर्यत लावली, त्यांनी दोघांना एकाच कातडीत घातलं. “बघा, त्यांनीही आपला शब्द केलाच ना?” असं सर म्हणतील. केला, कारण तो प्राणी त्यांच्या दारात होता. आपल्या दारात खवले मांजर आहे, तेव्हा त्याचं नाव त्यालाच राहू द्या. तुमच्याही संपादकानं असा हट्ट धरला तर अनुवादकाचं नाव छापायच्या आधी काढून घ्या. मला ते सुचलं नाही.

हां, नऊ हा आकडा फार मनावर घेऊ नका. १७५८ मध्ये प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं तो त्याच्या शास्त्रीय नावात घातला, पण पट्टे ७ ते ११ असू शकतात. आणि धोका दिसताच हा चेंडू होतो असं लिहू नका. पुरता चेंडू होतो तो तीनपट्टी आर्मडिलो, २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा शुभंकर होता तो. नऊपट्टी दचकला की सरळ वर उडी मारतो. चेंडूची चूक पुस्तकात माझीच होती. दुसऱ्या आवृत्तीत ती त्याच संपादकांनी न सांगता दुरुस्त केली. खवले मांजर मात्र तसंच ठेवलं.