आईवडिलांना घेऊन मुंबईला जायचंय, चेन हॉटेलात खोली घ्यावी का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पारोळ्याहून चौघं निघताय. मुलीची व्हिसाची मुलाखत बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, सोबत तुमचे आईवडील. अंधेरी पूर्वेला एका नावाजलेल्या चेनच्या हॉटेलात रात्रीला ४,५०० रुपयांत नाश्त्यासकट खोली दिसतेय, फोटो चकाचक आहेत. तर ती घ्यावी, की दादरचा नेहमीचा लॉज बरा?

पाटीवरचं नाव बघून घेऊ नका. त्या एका इमारतीची चौकशी करा, फोनवर काही गोष्टी कबूल करून घ्या आणि मगच पैसे भरा. मी अमळनेरचा. गेल्या हिवाळ्यात आप्पांना आणि मायला घेऊन त्याच भागातल्या अशाच एका हॉटेलात उतरलो होतो. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्याच नावाचं दुसरं हॉटेल चांगलं असू शकतं. ते कसं, ते पुढे येईलच.

खरं तर आपल्याकडच्या माणसाला हॉटेलात राहायची वेळ कमीच येते. सुरतेला गेलं तर उधना-लिंबायतला कुणीतरी घरचं निघतंच, आणि मुंबईला जाऊन डोंबिवलीच्या बहिणीकडे उतरलं नाही तर ती वर्षभर ऐकवते. पण बहिणीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आप्पांचे गुडघे गेलेले. म्हणून हॉटेल.

पहिला घोळ वेळेचा. खानदेशातून रात्रीची कुठलीही गाडी धरा, मुंबईत पहाटेच उतरवते. चेन हॉटेलात मात्र खोली मिळते दुपारी २ वाजता, आणि सोडायची दुसऱ्या दिवशी १२ ला. म्हणजे एका दिवसाचं भाडं भरून हातात बावीस तास. आपल्या लॉजवाल्यांचा चोवीस तासांचा हिशोब इथे चालत नाही. बुकिंग करताना हे लिहिलेलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार याची आहे की आदल्या दिवशी फोन केला तेव्हा "या सर, बघून घेऊ" म्हणाले, आणि सकाळी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, लवकर खोली हवी तर निम्मं भाडं जास्त. आप्पा टोपी मांडीवर ठेवून सोफ्यावर बसलेले, माय बॅगांपाशी, आणि तो मुलगा कॉम्प्युटरवरून नजर काढत नव्हता. शेवटी भरले.

तुम्हीही पहाटेच पोचणार. तर लवकर खोली देण्याचं ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, फोनवरच्या 'बघू'ला किंमत नाही. नाही म्हणाले तर स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये आंघोळ-चहा उरकून सरळ कामाला जा. बॅगा हॉटेलवाले ठेवून घेतात, त्याचे पैसे सहसा लागत नाहीत. रेल्वेच्या रिटायरिंग रूमही पक्क्या तिकिटावर आधी बुक करता येतात, पण त्या लवकर भरतात.

आता खोली. फोटोत होती तशीच होती, हे मान्य. पलंग, टीव्ही, पांढऱ्या चादरी, सगळं होतं. फोटोत जे दाखवलं नव्हतं ते म्हणजे बाथरूमची भिंत काचेची. पलंगावर बसलं की आतला शॉवर स्वच्छ दिसतो. बाहेरून पडदा सोडायची सोय केलेली, पण त्याची दोरी तुटून वर अडकलेली. माय दारातच थांबली. "हाई काय शे रे बाप्पा? दुकान शे का?" मी हसलो, पण तिला हसू येत नव्हतं. सत्तरीच्या बाईने नवऱ्या-मुलासमोर काचेच्या डब्यात आंघोळ करायची? खाली फोन केला तर उत्तर आलं, "सर, आमच्या सगळ्याच रूम अशा आहेत, हे डिझाइन आहे." हे डिझाइन नवरा-बायकोसाठी किंवा एकट्या कंपनीवाल्यासाठी केलेलं असतं. आपण म्हातारी माणसं घेऊन जातो हे कुणाच्या डोक्यातच नाही. पहिला दिवस असा गेला की बाथरूममध्ये एक जण गेला की बाकीच्यांनी व्हरांड्यात उभं राहायचं.

सुटका केली ती हाउसकीपिंगच्या एका पोराने. बोलण्यावरून ओळखलं, आपल्या शहाद्याकडचा निघाला. त्याने काचेवर आतून चादर चिकटवून दिली आणि कुठूनशी बादली-मग पैदा केले. कारण बाथरूममध्ये नुसता शॉवर, बादली नाही. मागितल्यावर आधी "उपलब्ध नाही" असंच उत्तर मिळालं होतं. आप्पांना शॉवरखाली उभं राहणं जमत नाही, स्टूलवर बसून तांब्याने पाणी घ्यावं लागतं. स्टूलही त्या पोरानेच आणलं. त्या मुक्कामात चांगलं जे काही झालं ते त्याच्यामुळे, आणि त्याचा पगार किती ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गरम पाण्याचं तसंच. आप्पा पाचला उठतात, पाणी सातला तापायचं. खोलीच्या किल्लीऐवजी देतात ती कार्डं दोन मागितली, मिळालं एक. हे कार्ड दाराजवळच्या खाचेत असेल तरच खोलीत वीज. मी ते घेऊन खाली चहा बघायला गेलो आणि वर आप्पा बाथरूममध्ये काळोखात. तेव्हा कार्ड दोन घ्याच. दुसरं देत नसतील तर हटून बसा. एसीचं वगैरे सांगत बसत नाही, तेवढं सगळीकडेच असतं.

या गैरसोयींचा मला तितका राग आला नाही. चीड आली ती रात्री अकराला, खोली बदलून द्या म्हणायला खाली गेलो तेव्हा. काउंटरवर एकटा मुलगा. त्याला काहीच ठरवता येत नव्हतं. मॅनेजर सकाळी दहाला येणार. चेनच्या हेल्पलाइनला फोन लावला तर पलीकडून उत्तर, "तुम्ही प्रॉपर्टीशी बोला." प्रॉपर्टी म्हणजे ते हॉटेल, ते म्हणतं हेल्पलाइनशी बोला, आणि बुकिंगवाली वेबसाइट म्हणते आम्ही फक्त बुकिंग करतो. तिघांनी मिळून आपल्याला फिरवत ठेवायचं.

निघताना बिल हातात आलं तेव्हा उलगडा झाला. वर जीएसटी क्रमांकाशेजारी कंपनीचं नाव भलतंच, पाटीवरच्या नावाशी काही संबंध नाही. या धंद्यात हे सर्रास चालतं. इमारत एकाची असते. तो मोठ्या चेनशी करार करतो, नाव वापरतो, त्यांच्या वेबसाइटवर जागा मिळवतो आणि त्याबद्दल फी देतो. काही करारांत चालवायचं कामही चेन करते, पण बऱ्याच ठिकाणी माणसं, साफसफाई, दुरुस्ती सगळं मालकाकडे असतं. आपल्याकडे केळीच्या खोक्यावर स्टिकर एका कंपनीचं असतं आणि माल दहा शेतांतला, तसंच हे. स्टिकर बघून घड पिकलाय का ते कळत नाही.

म्हणून चौकशी त्या इमारतीची करायची. लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांत गेल्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचा, जुने सोडून द्या. मॅनेजर बदलला की हॉटेल बदलतं. हॉटेलने टाकलेले फोटो न बघता राहून आलेल्यांनी टाकलेले बघा, विशेषतः बाथरूमचे. अभिप्रायांत शब्द शोधायची सोय असते, तिथे काच, बादली, गरम पाणी, लिफ्ट असं एकेक टाकून बघा. मग चेनच्या नंबरवर नाही, त्या हॉटेलच्या रिसेप्शनवर फोन करा आणि नेमकं विचारा: बाथरूमची भिंत काचेची आहे का, पाणी किती वाजता तापतं, पलंग दोन वेगळे आहेत की एकच मोठा, खालीच लग्नाचा हॉल आहे का.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला खटकली. ४,५०० हा दर दोन माणसांचा असणार. अशा हॉटेलांत एका खोलीत चौघं मोठी माणसं सहसा घेत नाहीत. फार तर तिसऱ्यासाठी जादा गादी टाकतात, तिचे पैसे वेगळे. म्हणजे तुम्हाला दोन खोल्या लागणार आणि हिशोब रात्रीला ९,००० वर जाणार. शेजारशेजारच्या खोल्या हव्यात हेही आधीच लिहून घ्या, नाहीतर आईवडील दुसऱ्या मजल्यावर आणि तुम्ही सातव्या.

बिलाचं नीट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याआधी १२ होता. बुकिंगच्या पानावर 'कर आणि शुल्क' असा एकच मोठा आकडा असेल तर तो उघडून बघा. त्यात वेबसाइटची स्वतःची फीही मिसळलेली असते. रात्रीच्या जेवणाच्या बिलात त्यांनी मला १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. तो आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा मार्गदर्शक सूचना काढल्या, हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. मी एवढंच म्हटलं की हा काढा, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करतो. दोन मिनिटांत नवीन बिल आलं. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय. बाटल्या बाहेरून आणा.

ओळखपत्र म्हणून आधार दिलात तर मास्क केलेलं द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते आधारच्या वेबसाइटवरून फुकट उतरवता येतं.

आणि फसगत झालीच तर? लोक घरी येऊन एक तारा देतात आणि विसरतात. तिथे असतानाच, त्याच रात्री, फोटोसकट ईमेल करा: हॉटेलला, चेनला आणि बुकिंग वेबसाइटला, तिघांना एकाच वेळी, म्हणजे कुणाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. मी तसं केलं. आठवड्याने उत्तर आलं, पुढच्या मुक्कामावर सवलतीचं कूपन देतो. जिथे पुन्हा जायचं नाही तिथलं कूपन घेऊन काय करायचं? नको म्हटलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. मग लवकर खोली देण्याचे घेतलेले पैसे आणि एका रात्रीचं भाडं परत आलं. सगळं नाही आलं.

त्यानेही भागलं नसतं तर पुढची वाट आपल्या जळगावातच होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. हॉटेल अंधेरीत आहे म्हणून मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची. हॉटेलवाल्यांना हे ठाऊक असतं, आपल्यालाच नसतं. ईमेलमध्ये 'जळगाव जिल्हा ग्राहक आयोग' एवढे शब्द आले की भाषा बदलते, हा माझा अनुभव.

राहिला तुमचा दादर की अंधेरी हा सवाल. बीकेसीपुरतं बोलायचं तर आता दोन्हीकडून सोपं आहे. मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे, तिच्यावर अंधेरी पूर्वेचं मरोळ नाकाही येतं, बीकेसीही आणि दादरही. हॉटेल मरोळ नाक्यापासून चालत जाण्यासारखं असेल तर अंधेरी पूर्व चालेल. रिक्षाने दूर असेल तर सकाळच्या गर्दीत मुलाखतीच्या दिवशी जीव टांगणीला लागेल, तेव्हा नकोच. वडील जिना चढत असतील तर मी दादर म्हणेन: चोवीस तासांचा हिशोब, साध्या भिंतीची मोरी, बादली, आणि खाली उतरलं की मराठीत भांडता येतं. जिना चढत नसतील तर लिफ्ट आणि कमोड या दोन गोष्टींसाठी चेन हॉटेल घ्या, वर सांगितलेलं सगळं विचारून.

नाश्ता धरलेला आहे म्हणून खूश होऊ नका, पण सोडूही नका. पोहे सातला गरम असतात, नऊला नसतात, आणि चहा मशीनचा असतो, तो आईवडिलांना आवडणार नाही. टपरीवर घेऊन जा. मुलाखत सकाळची असेल आणि नाश्ता सुरू व्हायच्या आत निघायचं असेल तर आदल्या रात्री काउंटरवर सांगून ठेवा, बहुतेक ठिकाणी बांधून देतात. भाड्यात त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात.