काड नीट तापलं नव्हतं

कृषीच्या शेवटच्या वर्षाची मुलं आणि त्यांचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे एकच धास्ती घेऊन येतात : "मॅडम, एमपीएससीच्या अभ्यासाचे दिवस, आणि कॉलेज यांना मशरूम विकायला लावतंय. वर्ष फुकट जाणार का?"

२०१५ पासून कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात 'स्टुडंट रेडी' कार्यक्रम आहे. एक सत्र 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात शेतकऱ्यांबरोबर, एक सत्र रोपवाटिका, बेकरी किंवा अळिंबीचं (मशरूमचं) युनिट स्वतः चालवायचं. कच्चा माल, विक्री, हिशेब सगळं मुलांकडेच.

अशीच एक मुलगी आली तेव्हा त्यांच्या गटाच्या चाळीस धिंगरी बेडपैकी तेरा हिरव्या बुरशीने गेले होते. (धिंगरी हा अळिंबीचा एक प्रकार; नको ती बुरशी मरावी म्हणून काड आधी तापवतात, मग ते भरून बेड करतात.) "मी कुठल्याच कामाची नाही," हे वाक्य तिने तीन भेटींत कितीदा म्हटलं असेल! मी समजूत घातली नाही. पुढच्या वेळी युनिटची वही घेऊन ये, एवढंच सांगितलं.

चौथ्या भेटीत तिने वही उघडली. तारखा वाचता वाचता थांबली. मग बराच वेळ गप्प.

"मॅडम, तेराही बेड एकाच दिवसाचे आहेत. त्या दिवशी घाईत ड्रम गच्च भरला होता. खालचं काड तापलंच नाही."

मी विचारलं, "मग कामाचं काय नाही? तू, की ते काड?"

ती हसली, आणि डोळे पुसले.

इतक्या वर्षांत माझी एक धारणा पक्की झाली आहे. माणसाला प्रसंग तेवढा खचवत नाही, जेवढा त्यावर त्याने स्वतःला लावलेला शिक्का खचवतो. तिच्या वाक्याचा कर्ता 'मी'वरून 'काड'वर आला, त्या क्षणी मला माझं काम झाल्याचं समाधान मिळालं. लेखी परीक्षेत चूक दुसरा कोणी लाल शाईने दाखवतो. युनिटमध्ये ती स्वतः शोधावी लागते. ज्या मुलांना याची सवय नसते ती आधी घाबरतात, आणि आपण त्या घाबरण्यालाच 'वेळ वाया' म्हणतो.

अभ्यासाचं तर तिने सकाळचे तीन तास ठरवले आणि पाळले. पालकांनो, घरी फोन आला की "नफा किती झाला?" असं विचारू नका. "या आठवड्यात काय बिघडलं, कशामुळे?" असं विचारा.

शेवटच्या भेटीला तिचे बाबा आले, शेतकरी माणूस. त्यांनी वही मागून घेतली. "काड सोयाबीनचं की गव्हाचं? भिजवलं किती वेळ?" पाऊण तास बापलेक माझ्यासमोर काडावर बोलत होते.