जपानमधल्या शाळेत परदेशी शिक्षकाचं रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी माणसाचा दिवस कसा जातो, शाकाहारी माणसाचं कसं होतं आणि भारतीय पासपोर्टवर ही नोकरी मिळते का. मी ओकायामा प्रांताच्या उत्तरेकडच्या डोंगरी भागात तीन वर्षं एएलटी, म्हणजे सहायक भाषाशिक्षिका होते. एक माध्यमिक शाळा आणि दोन प्राथमिक. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे भारतीय अशी मी एकटीच होते.

पहिली गोष्ट, शिकवणं हा दिवसातला लहान भाग. माध्यमिकमध्ये तास जपानी शिक्षकाचा असतो, आपण बाजूला उभे. काहीजण आपल्याला टेपरेकॉर्डर समजतात: धडा वाचा, मुलं मागून म्हणतील, संपलं. काहीजण अख्खा तास हातात देतात. कोण वाट्याला येईल ते नशीब. प्राथमिकमध्ये 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झाला. तिथल्या वर्गशिक्षिका स्वतःच इंग्रजीला बिचकून असायच्या, त्यामुळे तिथे माझी किंमत जास्त होती.

बाकी सगळा दिवस शिक्षकांच्या खोलीत, जेवणात आणि झाडलोटीत जातो. आणि तुम्ही तिथे रुळलात की नाही, हे वर्गात नाही, इथे ठरतं.

शाळेत शिरताना बाहेरचे बूट काढून आतले घालायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मी पहिल्या आठवड्यात आतल्या बुटांनी अंगणात चार पावलं टाकली आणि दुसरीतली एक मुलगी जी किंचाळली, ती अजून आठवते. घरी आजीच्या सोवळ्यात शिरल्यावर ऐकलं होतं, त्याच सुरात.

शिक्षकांच्या खोलीत टेबलं समोरासमोर जोडलेली असतात आणि सगळ्यांवर नजर राहील अशा जागी उपमुख्याध्यापक बसतात. सकाळी सगळ्यांत आधी येणारे आणि रात्री कुलूप लावून जाणारे बहुधा तेच. माझी वेळ सव्वाचारला संपायची. उठताना 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमास' म्हणायचं, म्हणजे 'तुमच्या आधी निघतेय, माफ करा'. इतर शिक्षक मुलांचे खेळाचे सराव घेऊन पुन्हा टेबलाशी येऊन बसायचे, सात-आठ वाजेपर्यंत. मला ते वाक्य वर्षभर खरोखरच अपराधी वाटून म्हणावं लागलं. दुसऱ्या वर्षी ते नुसतं तोंडातून निघायला लागलं, तेव्हा मी तिथली झाले असं समजते.

कुठे गावाला जाऊन आलात की सगळ्यांसाठी खाऊ आणायचा, प्रत्येकाच्या टेबलावर एक-एक. मी पुण्याहून बाकरवडी नेली. पाकीट फोडल्यावर लक्षात आलं की इथे प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला लागतो, कुणी पाकिटात हात घालणार नाही. मग घरी परत नेऊन रात्री कागदाच्या पुड्या बांधल्या, चार-चार बाकरवड्यांच्या, एकतीस पुड्या. गणिताचे शिक्षक दुसऱ्या दिवशी पुडी हातात घेऊन आले आणि म्हणाले, भारतीयांना 19 पर्यंतचे पाढे पाठ असतात ना? (तिकडे नऊ नव्वेला पाढे संपतात आणि आपल्याबद्दल ही दंतकथा घट्ट आहे.) मी शूरपणे सुरुवात केली आणि एकोणीस सत्तेला अडकले. ते अतिशय नम्रपणे कॅल्क्युलेटर आणायला गेले.

जेवण. मुलं पांढरे अंगरखे, टोप्या आणि मास्क घालून मोठाली भांडी वर्गात आणतात आणि स्वतःच वाढतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापकांनी चव घेऊन पाहिलेली असते, काही बिघडलं असेल तर आधी त्यांना कळावं म्हणून. भात, सूप, एक भाजी, एक मासा किंवा मांस आणि रोज 200 मिलीलिटर दूध, भाताबरोबरसुद्धा. सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणाआधी म्हणायचं 'इतादाकिमास', मग पहिला घास. उरलेल्या एखाद्या वाटीसाठी आठ-दहा मुलं उभी राहून दगड-कागद-कात्री खेळतात आणि जिंकणारा अशा तोऱ्यात वाटी नेतो की बघत राहावं. शेवटी दुधाचं खोकं उघडून, विसळून, सपाट करून ठेवायचं. मला ते पहिल्यांदा नीट जमेना तर शेजारच्या मुलाने न बोलता माझ्या हातातून घेऊन करून दिलं.

आता शाकाहाराचं. 'मांस नको' म्हटलंत तरी सूपात दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, असते आणि दाशी बहुतेकदा सुकवलेल्या माशाची. भाजीवरसुद्धा त्याच माशाचा कीस. महिन्याचं पत्रक आधी मिळतं, त्यात प्रत्येक पदार्थात काय आहे ते लिहिलेलं असतं, पण वेगळं ताट फार तर ॲलर्जी असेल तर मिळतं. श्रद्धा किंवा आवड म्हणून मागितलं की समोरचा माणूस गोंधळतो. मी तीन महिने डबा नेला. वर्गात पस्तीस मुलं एकच जेवण जेवतायत आणि आपण पोळी-भाजी उलगडतोय, हे मला झेपलं नाही. मी दाशी चालवून घेतली, मासा नाही. घरी सांगितलं नाही. तुम्हाला जमत नसेल तर डबा न्या, कुणी अडवत नाही, फक्त पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

जेवणानंतर झाडलोट. शिपायावर सोपवायचं नाही, मुलं आणि शिक्षक मिळून फडकी घेऊन ओणवे होऊन लाकडी फरशी पुसतात. मीही पुसली. इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारी पोरं इथे शेजारी ओणवी झाल्यावर गप्पा मारतात.

घराचं म्हणाल तर मला थंडीने मारलं. भिंती पातळ आणि घर एकत्र गरम करायची सोय नाही. निळ्या 18 लिटरच्या कॅनमधून रॉकेल आणायचं आणि त्यावर चालणारी शेगडी एका खोलीत लावायची. सकाळी स्वयंपाकघरात तेल गोठलेलं असायचं.

कचऱ्यावरून मात्र मला एक मैत्रीण मिळाली. माझी पिशवी एकदा कचराकुंडीपाशी तशीच राहिली, वर लाल चिठ्ठी: नेता येणार नाही. शेजारच्या आजी बाहेर आल्या, पिशवी उघडली, बाटलीचं झाकण काढलं, भोवतीचा प्लॅस्टिकचा कागद सोलला आणि तीन वेगळ्या ठिकाणी टाकून दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी त्या दारात पाल्यासकट मुळा ठेवून गेल्या. मी पाल्याची पीठ पेरून भाजी करून दिली. घरून आणलेलं बेसन आणि हिंग त्यातच संपलं. मग दर आठवड्याला मुळा यायला लागला, आणि कुणी काही दिलं तर परत काही द्यावंच लागतं, त्यामुळे बेसनासाठी मला गाडीने ओकायामा शहर गाठावं लागायचं. त्या शहरातली कोराकुएन बाग पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, हे तर आपलं सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान. ते उद्यान या बागेवरूनच केलंय, हे मला पुण्यात राहून माहीत नव्हतं.

पगार आणि पासपोर्ट. एक रस्ता परदेशी लोकांना शिकवायला बोलावणाऱ्या, 1987 पासून चालू असलेल्या सरकारी जेट कार्यक्रमाचा, दुसरा शाळांना माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांचा. मी दुसऱ्याने गेले. महिना सव्वादोन लाख येनच्या आसपास मिळायचे आणि ऑगस्टमध्ये सुट्टी म्हणून त्यातले बरेच कापले जायचे. करारात ते बारीक अक्षरात होतं, मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा.

भारतीय पासपोर्ट चालतो. पण भाषा शिकवण्यासाठीच्या व्हिसाला पदवीबरोबरच ती भाषा माध्यम असलेलं बारा वर्षांचं शिक्षण दाखवावं लागतं. तुम्ही मराठी माध्यमातले असाल तर तिथेच अडेल, इंग्रजी कितीही चांगलं असो. इंग्रजी माध्यमातले असाल तर शाळा आणि कॉलेजकडून माध्यमाचा दाखला आत्ताच मागून ठेवा. माझ्या शाळेने तो द्यायला सव्वा महिना लावला आणि पहिल्या दाखल्यात माझं आडनाव चुकवलं.