काँक्रीट कुठे झुकतं?

प्रश्न : घराच्या पायासाठी आलेल्या कोटेशनमध्ये ‘लीन काँक्रीट १:४:८’ असं लिहिलंय. जुनी मोटारसायकल दाखवली तर मेकॅनिक म्हणाला, ‘गाडी लीन चालतेय.’ बँकेचाही मेसेज आलाय, खात्यावर ‘लीन’ आहे म्हणून. शब्दकोशात तर लीन म्हणजे झुकणे, टेकणे. मग हे काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : झुकण्याचा शब्द तुमच्या तिन्ही ठिकाणी आलेलाच नाही! इंग्रजीत दोन ‘लीन’ आहेत. एक झुकण्याचा, संस्कृत ‘श्रि’ धातू, ज्यातून आपला ‘आश्रय’ आला, तो याच्याच घराण्यातला. दुसरा म्हणजे कृश, अंगावर चरबी नसलेला. जुन्या इंग्रजीत दोन्ही वेगळे शब्द होते, पुढे उच्चार आणि स्पेलिंग एक झालं. ‘विठ्ठलचरणी लीन’ मधला आपला लीन या दोघांपेक्षा वेगळा, संस्कृत ‘ली’ धातूचा.

लीन काँक्रीट म्हणजे सिमेंटने कृश. १ भाग सिमेंट, ४ वाळू, ८ खडी. गवंडी यालाच पीसीसी, म्हणजे प्लेन सिमेंट काँक्रीट म्हणतात. फुटिंगखाली, म्हणजे खांबाच्या रुंद तळाखाली, ७५ ते १०० मिमी जाडीचा हा थर घालतात, तो घराचा भार पेलायला नव्हे. सळ्या बांधायला सपाट, स्वच्छ जागा मिळावी आणि वरच्या ताज्या काँक्रीटमधलं पाणी मातीने शोषू नये, एवढ्यासाठी. चुका होतात त्या इथे : खड्ड्यातली सुटी माती न काढता, न ठोकता थर ओततात, मग तो तडकतो. किंवा सळ्यांची जाळी थेट पीसीसीवर टेकवतात. खाली ५० मिमीचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळ्या उचलून धरणारे ठोकळे, हवेतच, नाहीतर पुढे सळ्या गंजतात. कोटेशनमध्ये फुटिंगसाठी एम-२० किंवा वरची ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) वेगळी लिहिलीय का, ते आधी बघा. नसेल तर सही करू नका.

गाडीचा लीन म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने १ भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा त्याहून वाढली की मिश्रण लीन. चोक ओढल्याशिवाय गाडी नीट चालत नाही, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट होते, इंजिन तापतं. प्लग काढून बघा : फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर लीन. कार्ब्युरेटरचा जेट चोंदलेला असतो किंवा इंजिनकडचा रबरी जोड चिरलेला असतो, म्हणून आधी तेच तपासायला सांगा. नुसता कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू फिरवून दुखणं झाकलं जातं. स्क्रू फिरवायचाच तर तो कुठे आहे ते पाहा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, सैल केल्यास मिश्रण आणखी लीन होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर नेमकं उलट.

बँकेचा शब्द तर तिसराच, स्पेलिंगही वेगळं. मूळ लॅटिन, अर्थ बंधन. मराठीत धारणाधिकार. पैसे खात्यातच असतात, पण काढता येत नाहीत. आयपीओला (कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीला) अर्ज केला असेल तर शेअर न मिळाल्यावर रक्कम मोकळी होते. तसं काही नसेल तर लीन कोणी आणि कशासाठी लावला, हे शाखेला लेखी विचारा.

प्रश्न : कारखान्यात ‘लीन’ सुरू होणार म्हणतात. म्हणजे माणसं कमी करणार का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : इथलाही लीन कृशच. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीला हे नाव संशोधक जॉन क्राफ्चिक यांनी १९८८ मध्ये दिलं. छाटायची ती चरबी, म्हणजे विनाकारण साठा, वाट पाहणं, मालाची ने-आण, दुरुस्तीला परत येणारे नग. ते तसंच ठेवून नुसती माणसं घटवली तर त्याला लीन म्हणू नये. मराठीत ‘काटकसरी’पेक्षा ‘सुटसुटीत’ हा शब्द आम्हाला जवळचा वाटतो.

आणि खरोखर झुकणारा लीन हवाच असेल तर भिंतीला लावलेली शिडी घ्या : ४ फूट उंचीला शिडीचे पाय भिंतीपासून १ फूट बाहेर. त्याहून जवळ घेतली तर माणूस मागे कलंडतो, लांब नेली तर शिडीचे पाय सरकतात.