‘ए प्लस’चा शिक्का आणि फुगलेलं किचन

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते. गेल्या वर्षी सिंहगड रस्त्यावरच्या एका शोरूममधून मोड्युलर किचन करून घेतलं. ठरले ३ लाख ६० हजार, त्यातले २ लाख ८० हजार दिले. शोरूमच्या काचेवर, कॅटलॉगवर आणि कोटेशनवरही एका खासगी मानांकन संस्थेचा ‘ए प्लस, पडताळणी झालेला विश्वासार्ह व्यवसाय’ असा शिक्का होता. तो पाहूनच आम्ही तिथे गेलो. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचं कपाट फुगलं. प्लंबरने पाइपसाठी भोक वाढवलं तेव्हा आतून भुसा गळाला. कोटेशनवर मात्र ‘बीडब्ल्यूपी प्लाय’, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, असं लिहिलंय. संस्थेकडे तक्रार केली, तर नवव्या दिवशी ‘तक्रार निकाली’ असा मेल आला. कंपनीने उत्तर दिलं, एवढाच तो निकाल. मानांकन ए प्लसच राहिलं. संस्थेच्या साइटवरचा माझा अभिप्राय आठवड्यात गायब झाला, म्हणून तो मी गुगलवर टाकला. आता कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे : बदनामी केलीत, पंधरा दिवसांत १० लाख द्या. या संस्थेवर केस करता येईल का?

उत्तर :

ताई, तुमच्या मूळ पत्रात संस्थेवरचा राग दीड पान आहे आणि कपाटाबद्दल चार ओळी. माझ्याकडे केस आली असती तर हे प्रमाण मी आधी उलटं करून घेतलं असतं. तुमचे पैसे शोरूमवाल्याकडे आहेत. प्लाय सांगून भुशाचा बोर्ड त्याने दिला. तो सामनेवाला क्रमांक १. संस्थेला क्रमांक २ करता येईल, पण तिच्या भरवशावर केस उभी करू नका.

आधी ती संस्था काय चीज आहे ते बघू. नावात ‘ब्युरो’, ‘कौन्सिल’ असं काही असलं की आपल्याला सरकारी वास येतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी व्यापारी वर्गणी भरतो, संस्था त्याला शिक्का वापरू देते आणि ग्राहकाला सेवा फुकट मिळते. जो पैसे भरतो तो तिचा गिऱ्हाईक, आणि तो तुम्ही नाही. अमेरिकेतला बेटर बिझनेस ब्युरो १९१२पासूनचा, तोही खासगीच. २००९मध्ये त्याने ए प्लस ते एफ अशा श्रेणी सुरू केल्या आणि पुढच्याच वर्षी एबीसी वाहिनीने त्याची लाज काढली. लॉस एंजेलिसमध्ये काही व्यावसायिकांनी ब्युरोच्या स्थानिक संस्थेकडे ‘हमास’ या नावाने धंदा नोंदवला, फी भरली आणि ए वजा श्रेणी पदरात पाडून घेतली. त्यानंतर वर्गणीदारांना मिळणारे जादा गुण बंद झाले. लॉस एंजेलिसच्या त्या स्थानिक संस्थेला २०१३मध्ये ब्युरोतून बाहेरचा रस्ता दाखवला गेला. आपल्याकडच्या सगळ्या संस्था अशाच, असं मी म्हणत नाही. पण ‘निकाली’ याचा अर्थ त्यांच्या वहीत ‘कंपनीने काहीतरी उत्तर दिलं’ इतकाच असू शकतो. तुमचं कपाट बघायला त्यांच्याकडून कोणी आलं होतं का? नाही ना.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली ‘ग्राहक’ची व्याख्या मोबदला देणाऱ्याची, किंवा देण्याचं कबूल करणाऱ्याची आहे. संस्थेला तुम्ही दमडी दिलेली नाही, त्यामुळे ‘माझी तक्रार नीट हाताळली नाही, म्हणजे सेवेत त्रुटी’ ही मांडणी तिच्याविरुद्ध लंगडी पडेल. तिचा वकील पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढेल.

पण त्याच कायद्याच्या कलम २(१८) मध्ये जाहिरातीतल्या ‘समर्थना’ची व्याख्या आहे, आणि तिथे नुसते सिनेनट आणि क्रिकेटपटू नाहीत. एखाद्या संस्थेचं नाव किंवा शिक्का जाहिरातीत दिसला आणि त्यावरून हे त्या संस्थेचं मत किंवा निष्कर्ष आहे असं ग्राहकाला वाटलं, तर तेही समर्थनच. म्हणजे काचेवरचं ते स्टिकर कायद्याच्या दृष्टीने जाहिरात आहे. कलम २१ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, समर्थन करणाऱ्यालासुद्धा. पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत. आपण पुरेशी शहानिशा केली होती हे दाखवता आलं, तर समर्थन करणारा सुटतो.

म्हणून शिक्क्यातला ‘ए प्लस’ मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ते मत आहे, आणि मत चुकलं म्हणून कोणाला धरता येणं कठीण. माझं लक्ष ‘पडताळणी झालेला’ या शब्दांवर आहे. ते वस्तुस्थितीचं विधान आहे. काय पडताळलं, कोणी, कधी? जीएसटी क्रमांक बघून शिक्का दिला असेल तर तसं सांगा म्हणावं. ही तक्रार प्राधिकरणाकडे थेट किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत लेखी देता येते, ऑनलाइनही. पण हा मार्ग सगळ्या ग्राहकांच्या हिताचा. तुमचे २ लाख ८० हजार त्यातून परत येणार नाहीत. गायब झालेल्या अभिप्रायाबद्दल त्याच तक्रारीत ‘आयएस १९०००:२०२२’ या भारतीय मानकाचा उल्लेख करा. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत याचं ते मानक आहे. ते ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही, पण मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतं.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती मी माझ्याच टेबलासमोर पाहिली आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास एक लाँड्रीवाले आले होते. अशाच एका मानांकनवाल्यांचा त्यांना फोन आला होता : पॅकेज रिन्यू करा, नाहीतर प्रोफाइल खाली जाईल. यांनी केलं नाही. महिन्याभरात तीन जुन्या तक्रारी वर आल्या आणि साडेचारचे तीन तारे झाले. त्यांना ग्राहक आयोगात जायचं होतं. मी नको म्हटलं, कारण धंद्यासाठी घेतलेली सेवा असली की तो दरवाजा सहसा बंद असतो. राहतं दिवाणी न्यायालय, आणि तिथे ‘फोनवर असं म्हणाले’ याला कागद लागतो. अमेरिकेत मिसुरीमध्ये घराचं नूतनीकरण करणारी एक कंपनी ‘सी’ श्रेणी दिली म्हणून ब्युरोविरुद्ध कोर्टात गेली होती. २०११मध्ये अपील न्यायालयाने श्रेणी म्हणजे मत, असं ठरवून तिला परत पाठवलं. म्हणजे मताची ढाल संस्थेला दोन्हीकडून वापरता येते, ग्राहकाविरुद्ध आणि व्यापाऱ्याविरुद्धही.

आता नोटीस. नोटीस म्हणजे समन्स नव्हे. पंधरा दिवस ही त्या वकिलाने घातलेली मुदत आहे, कायद्याची नाही. तरी उत्तर द्या, गप्प राहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. मात्र सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य आणि स्वतःच्या हितरक्षणासाठी सद्‌भावनेने केलेलं विधान हे त्यातले अपवाद आहेत. ‘कोटेशनमध्ये बीडब्ल्यूपी प्लाय, निघाला भुशाचा बोर्ड, हे फोटो’ या वाक्याला मी कुठल्याही कोर्टात उभा राहायला तयार आहे. पण तुमच्या अभिप्रायाची शेवटची ओळ ‘चोर आहेत साले, फ्रॉड कंपनी’ अशी आहे. ताई, ती काढा. आजच. मूळ मजकुराचा स्क्रीनशॉट ठेवा, ती ओळ गाळा, बाकीचं तसंच राहू द्या. सगळा अभिप्राय काढून टाकू नका; त्यांना तेच हवंय.

शोरूमवाल्याविरुद्धची तक्रार पुणे जिल्हा ग्राहक आयोगातच होईल. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो, २०१९च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत आहे, म्हणून फी शून्य. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मागणी साधी ठेवा : किचन बदलून द्या किंवा पैसे परत करा, शिवाय नुकसानभरपाई आणि खर्च. उरलेले ८० हजार का थांबवले तेही स्वतःहून लिहा, नाहीतर ते समोरून येईल. स्वतः केस चालवायची असेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. ही चळवळ १९७४मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाली आणि तक्रारीचा मसुदा कसा असावा हे त्यांना बऱ्याच वकिलांपेक्षा चांगलं कळतं. (हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, पण खरं आहे.)

उद्या सकाळी नवऱ्याला किंवा मुलाला शोरूमसमोर पाठवा आणि काचेवरच्या शिक्क्याचा, दुकानाची पाटी दिसेल असा फोटो काढून आणा. स्टिकर उतरायला दोन मिनिटं लागतात. संस्थेच्या साइटवरचं कंपनीचं पानही तारखेसकट जपून ठेवा. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागेल, ते ऐन वेळी शोधू नका. आणि सिंकखालचा कापलेला तुकडा प्लंबरने कचऱ्यात टाकला नसेल, तर कोरड्या पिशवीत बांधून ठेवा. आयोगाने बोर्ड प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं तर तोच लागेल. तोवर सुताराला कपाटाला हात लावू देऊ नका, कितीही वास मारत असलं तरी.